शेजारचं अंगण बघून घर नाकारायचं का?

घर घेणारा जवळजवळ प्रत्येकजण शेवटी हेच विचारतो: "घर पसंत आहे, पैशांचंही जुळतंय. आता शेजारी अंगणात काय करतो याची चौकशी कशाला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो. फरशी, नळ, वायरिंग पैसे टाकले की बदलतं. शेजाऱ्याची रोजची सवय तशी बदलत नाही. आणि ही हेरगिरी नव्हे; रस्त्यावरून कुणालाही दिसतं, ऐकू येतं, तेवढंच बघायचं.

सगळ्यात जास्त फसगत धुराने होते. एका जोडप्याने घर तीनदा बघितलं, तिन्ही वेळा सकाळी अकराच्या सुमारास. त्या वेळी ऊन असतं, जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा वर चढते आणि धूरही सोबत घेऊन जाते. शेजारी पालापाचोळा जाळायचा संध्याकाळी. सूर्य मावळला की जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, वारा पडतो. मग तोच धूर वर न जाता आडवा पसरतो आणि खिडकीच्या उंचीवर रेंगाळतो. पाला ओला असला तर तो धड पेटत नाही, नुसता धुमसतो, त्यामुळे धूर आणखी वाढतो. त्यातले बारीक कण २.५ मायक्रॉनहूनही लहान असतात. डासांची जाळी त्यांना अडवत नाही, फटीतून ते आत येतात, वास पडद्यांना धरून राहतो. त्या दोघांनी खिडक्यांना रबरी पट्ट्या बसवल्या. धूर कमी झाला, पण हवेशीर म्हणून घेतलेलं घर रोज संध्याकाळी बंद करून बसावं लागलं. एका फेरीत हे कळलं असतं: सूर्यास्तानंतर तासाभराने, वारा नसलेल्या दिवशी, निजायच्या खोलीची खिडकी उघडी ठेवून वीस मिनिटं थांबायचं. शक्य असेल तर दुसरी फेरी शनिवारी रात्री दहानंतर.

आवाजाबद्दल मी स्वतः बरीच वर्षं चुकीचं सांगत होतो: झाडांचं कुंपण लावा, भागेल. नाही भागत. हिरव्या कुंपणामुळे शेजारी दिसेनासा होतो, आवाज मात्र जवळजवळ तसाच येतो. फट नसलेली भरीव भिंत हवी, आणि आवाजाच्या जागेपासून कानापर्यंतची सरळ रेषा तुटेल इतकी उंच. तशी जेमतेम तुटली तर साधारण ५ डेसिबल कमी होतात. वरच्या मजल्यावर निजणार असाल तर बहुतेक वेळा तेवढेही नाहीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल उतरतात, पण भिंती लागून असल्या की हे अंतर आणायचं कुठून? जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली निजायच्या खोलीसाठी रात्रीची सरासरी ३० डेसिबल ही मर्यादा सुचवली होती. फोनवरच्या ॲपने ती तपासू नका. गाण्याच्या ठेक्याचा खालचा घुमारा त्यात नीट पकडला जात नाही, आणि झोप नेमकी तोच मोडतो. खिडकी लावून घ्या, भिंतीला तळहात टेकवा, ठेका हाताला जाणवतो का बघा.

शेजारी भेटला नाही तरी खुणा सापडतात. कुंपणालगत गवताचा पट्टा झिजलेला असेल तर तिथे कुत्रा दिवसभर येरझाऱ्या घालतो. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकावर तो भुंकणार. जमिनीवर तेलाचे डाग असतील तर गाड्या तिथेच दुरुस्त होतात. वरच्या बाल्कनीखाली भिंतीवर पांढरट ओघळ दिसले तर कुंड्यांचं पाणी नेहमी झिरपतं आणि क्षार मागे राहतात. पाखरांना टाकलेले दाणे जमिनीवर पडून असतील तर उंदरांची शक्यता धरा. भिंतीला पक्के बसवलेले स्पीकर किंवा विटांची बांधलेली चूल मी सगळ्यात गंभीर धरतो. एवढा खर्च कुणी दोन महिन्यांच्या हौसेसाठी करत नाही.

"भाडेकरू आहेत, जातील," असंही म्हणतात. जातील, खरं आहे. पण मालकाला गोंगाटाचं काही वाटत नसेल तर पुढचेही तसेच येऊ शकतात. म्हणून घंटी वाजवून सरळ विचारा, "आम्ही शेजारचं घर बघतोय, सुट्टीच्या दिवशी इथे कसं असतं?" बहुतेक लोक मोकळेपणाने सांगतात.

शेजारचं घर रिकामंच असेल तर यातलं फारसं काही कामाला येत नाही. तिथे मी झोप सावध असणाऱ्याला थांबायला सांगतो आणि बाकीच्यांना घ्या म्हणतो, आणि दोन्ही वेळा मला पुरती खात्री नसते.