गव्हातली खोटी 'हेट' आणि कच्चा डेटा: माझा अनुभव

गव्हाच्या प्रकाशसंश्लेषणाच्या जनुकांमध्ये वाणावाणांत काय फरक असतात, हे शोधायचं काम कुणी हाती घेणार असेल तर आधी एक सांगते. सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचायचं काम) करून देणाऱ्या केंद्राकडून कच्चा डेटा, म्हणजे यंत्राने वाचलेले मूळ तुकडे, मिळणार का, हे नमुने पाठवण्याआधी लेखी घ्या. बी मिळतं, रोपं वाढतात, मोजमापंही होतात. घोडं पेंड खातं ते इथेच.

काम ऐकायला सरळ होतं. जुने स्थानिक वाण आणि अलीकडचे सुधारित वाण यांचा एक संच घ्यायचा, प्रत्येकाच्या पानाचं प्रकाशसंश्लेषण मोजायचं आणि मोजकी जनुकं वाचून फरक कुठे आहेत ते पाहायचं. माझ्या यादीत रुबिस्कोच्या (हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या एन्झाइमच्या) लहान उपघटकाची जनुकं होती, त्याला कामाला लावणारं रुबिस्को अ‍ॅक्टिव्हेज होतं, साखर बनवणाऱ्या केल्व्हिन चक्रातलं एसबीपेज हे एन्झाइम होतं आणि जादा प्रकाश उष्णतेच्या रूपात सोडून द्यायला मदत करणारं पीएसबीएस होतं. अ‍ॅक्टिव्हेजवर माझा विशेष जीव. तापमान चढलं की रुबिस्कोच्या आधी हे बसतं, आणि यातलं एकच अमिनो आम्ल बदललं तरी त्याची उष्णता सोसायची ताकद बदलते. एसबीपेजचं कारण वेगळं. 2017 मध्ये गव्हात हे एन्झाइम वाढवून पाहिलं होतं, तेव्हा काचघरात प्रकाशसंश्लेषण आणि दाण्याचं उत्पादन दोन्ही वाढलं होतं. मग निसर्गातच कुठे त्याची जास्त कामसू आवृत्ती पडून असेल का, हा प्रश्न पडणारच.

बी जनुकपेढीतून आलं. गहू वनस्पती-जनुकसंपत्तीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्यामुळे प्रमाणित हस्तांतरण करारावर सही केली की झालं, त्यात काही अडलं नाही. पेरणी मात्र टप्प्याटप्प्याने करा. सगळे वाण एका दिवशी निसवत नाहीत आणि मोजायचं असतं ओंबीच्या लगेच खालचं पान, तेही सगळ्यांचं एकाच अवस्थेत. हिवाळी प्रकारांना आधी काही आठवडे थंडी द्यावी लागते, तो वेळ वेगळा धरा.

वायू-विश्लेषक यंत्रावर कार्बन डायऑक्साइड पायरीपायरीने बदलत एका पानाचा पूर्ण वक्र काढायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. पर्णरंध्रं उघडायची वाट न पाहता घाई केली तर आकडे कचरा. मोठ्या चमत्काराची अपेक्षाही ठेवू नका. शेतातल्या 64 गव्हांवरच्या 2014 च्या अभ्यासात प्रकाशसंश्लेषणाच्या क्षमतेत चांगले फरक दिसले होते, पण उत्पादनाशी त्याचं सरळ नातं जुळलं नव्हतं. हे माहीत असलं की आलेख पाहून जीव जात नाही.

आता मुख्य दुखणं.

गव्हाचा जीनोम म्हणजे तीन गवतांचा संसार: ए, बी आणि डी. एकूण 42 गुणसूत्रं, सुमारे 16 अब्ज अक्षरं, आणि बहुतेक जनुकांच्या तीन-तीन प्रती. या प्रतींचा कोडिंग भाग (ज्यावरून प्रथिन बनतं तो) साधारण 97 टक्के सारखा. म्हणजे 150 अक्षरांच्या एका रीडमध्ये (यंत्राने वाचलेल्या तुकड्यात) चार-पाच अक्षरांचा फरक, आणि काही एक्सॉनांत (जनुकाच्या कोडिंग तुकड्यांत) तोही नाही. तिळ्यांना एकाच नावाने हाक मारली तर तिघंही 'ओ' देणार, तसं हे प्रकरण आहे. म्हणून मी केंद्राला यादी देताना प्रत्येक जनुकाच्या तिन्ही प्रती गुणसूत्रांसकट वेगवेगळ्या लिहून दिल्या होत्या. त्यांच्या प्रणालीने सारख्या नावांच्या ओळी 'दुबार नोंदी' म्हणून गाळल्या आणि प्रत्येकाची एकेक प्रत ठेवली. तिन्ही ठिकाणचे रीड्स मग त्या एकाच प्रतीवर नेऊन बसवले.

अहवाल आला तो रंगीत तक्ते, गुणवत्तेचे शिक्के वगैरे लावून. आत मात्र जिकडेतिकडे 'हेट', म्हणजे हेटेरोझायगस: एकाच जागी आईकडून एक अक्षर, बापाकडून दुसरं. आता गहू स्वतःच्याच परागाने फळतो. दर पिढीला हेटेरोझायगस जागा निम्म्या होतात, सहा पिढ्यांत मूळच्या 64 व्या भागावर येतात. माझं बी एकेका रोपाचं, पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागित. त्यात इतकी हेट येणार कुठून?

एसबीपेजमधली एक जागा घेऊन बसले. तिथे 91 रीड्स होते, 61 मध्ये जी हे अक्षर आणि 30 मध्ये ए हे अक्षर. खऱ्या हेटमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास हवं. इथे दोनास एक, म्हणजे तीनपैकी दोन प्रतींत जी आणि एकीत ए असावं तसं. पुढचा वाण पाहिला, तेच. त्याच्या पुढचा, तेच. शेवटी चायनीज स्प्रिंग पाहिला. हा तोच वाण ज्याचा जीनोम 2018 मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. मी तो मुद्दाम तपासणीसाठी घातला होता, कारण प्रमाण जीनोमशी ताडल्यावर त्यात जवळपास काहीच फरक निघायला नको. तोही हेट, त्याच जागी, त्याच प्रमाणात. (चायनीज स्प्रिंग प्रत्येक खेपेत घाला. एका नमुन्याचे पैसे वाचवायला जाऊ नका.)

इतका स्पष्ट पुरावा हातात आहे म्हटल्यावर वाटलं, एका पत्रात काम होईल. केंद्राच्या पोर्टलवर तक्रारीचा फॉर्म होता. 'तक्रारीचा प्रकार' या खान्यात पर्याय चार: नमुना हरवला, अहवाल उशिरा, बिलाबाबत, इतर. 'इतर' निवडलं की तीनशे अक्षरांची मर्यादा आणि जोडायला फक्त चित्राची फाइल. तीन जीनोमांची कहाणी तीनशे अक्षरांत बसवून दाखवा! उत्तर आलं, "अहवाल आमच्या प्रमाणित पद्धतीनुसार तपासलेला आहे." पुन्हा लिहिलं. या वेळी उत्तर आलं की आपल्या बियाण्यात भेसळ असण्याची शक्यता आहे. त्या दिवशी माझा पारा असा चढला की अ‍ॅक्टिव्हेज तिथल्या तिथे निकामी झालं असतं. प्रमाण वाणासकट सगळ्या वाणांत, एकाच जागी, एकाच प्रमाणात भेसळ?

मग मी भांडण सोडलं आणि फक्त कच्च्या रीड्सच्या फाइली मागितल्या. तर म्हणे, आपण 'विश्लेषणासह' सेवा घेतली आहे, कच्चा डेटा 'विश्लेषणाविना' सेवेत मिळतो. म्हणजे माझ्याच पानांचे रीड्स मिळवायला आधी झालेलं विश्लेषण रद्द केल्याचा अर्ज भरायचा. तो भरला. त्यावर विभागप्रमुखांची सही हवी होती, ती घेतली. मग सही स्कॅनमध्ये फिकट दिसते म्हणून अर्ज परत. सरांनी दुसऱ्यांदा सही करताना नुसतं वर पाहिलं, काही बोलले नाहीत. शेवटी त्यांच्या तांत्रिक विभागातल्या एका मुलीचा फोन आला. तिला पहिल्या दोन वाक्यांत कळलं. "अहो, हे तर एकाच प्रतीवर चढवलंय," ती म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत फाइलींची लिंक आली. तेव्हा पहिल्या उत्तरानंतरच तांत्रिक माणसाशी बोलायचं आहे असा धोशा लावा, फॉर्मच्या नादी लागू नका.

फाइली हातात आल्यावरचं काम कंटाळवाणं पण सुखाचं. रीड्स तिन्ही उपजीनोम (ए, बी, डी) असलेल्या पूर्ण प्रमाण जीनोमवर बसवायचे. फक्त आपल्या जनुकांवर नाही, नाहीतर भटके रीड्स तिथेच येऊन चिकटतात. जे दोन ठिकाणी सारखेच चपखल बसतात ते गाळायचे. हे केल्यावर चायनीज स्प्रिंग जवळजवळ कोरा निघाला आणि मला हायसं वाटलं. हेटचा तो सगळा पसारा विरून गेला. जे फरक उरले ते बहुतेक नियामक भागात (जनुक किती चालवायचं ते ठरवणाऱ्या), कोडिंग भागात थोडके. इतक्या जुन्या, इतक्या कामाच्या एन्झाइमांत निसर्ग फार ढवळाढवळ खपवून घेत नाही. डी प्रतींत तर फरक अगदीच तुरळक. तेही ठीकच, कारण सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी एका रानगवताची मोजकीच रोपं गहू घडवणाऱ्या संकरात आली आणि डीची विविधता तेव्हाच आखडली.

एक राहिलं. रुबिस्कोचा मोठा उपघटक यादीत घेणार असाल तर त्याचा हिशेब वेगळा ठेवा. तो हरितलवकाच्या डीएनएत असतो, आईकडूनच येतो आणि पानातून काढलेल्या डीएनएत त्याच्या प्रती प्रचंड असतात. हरितलवकाचे तुकडे केंद्रकातल्या गुणसूत्रांतही शिरलेले असतात, त्यामुळे तिथेही खोटे फरक दिसतात.

काही एक्सॉनांत तिन्ही प्रती इतक्या सारख्या आहेत की छोटे रीड्स तिथे निरुपयोगी. तिथे एकाच प्रतीला धरेल असा प्रायमर (डीएनएची नक्कल जिथून सुरू होते तो छोटा तुकडा) शेजारच्या इंट्रॉनमध्ये (दोन एक्सॉनांमधल्या भागात) बसवा. तिथे फरक जास्त असतात, आणि वेगळं अक्षर प्रायमरच्या 3' टोकाला, म्हणजे नक्कल जिथून वाढते त्या टोकाला, आलं पाहिजे. मग लांब तुकडा वाढवून वाचा. प्रायमर खरंच त्याच गुणसूत्रावर बसतो का, हे तपासायला चायनीज स्प्रिंगच्या नलिसोमिक-टेट्रासोमिक ओळी (खास तयार केलेले वंश) वापरा. अमेरिकी आनुवंशिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट सीअर्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला तयार केलेल्या या ओळींत एका गुणसूत्राची जोडी नसते आणि तिच्या जागी भावंड गुणसूत्राची जास्तीची जोडी असते. 4ए (ए जीनोमचं चौथं गुणसूत्र) नसलेल्या ओळीत तुमचा जेलवरचा (वाढवलेला डीएनए दाखवणारा) पट्टा गायब झाला, म्हणजे प्रायमर 4ए चाच. माझ्या अ‍ॅक्टिव्हेजच्या प्रायमरचा पट्टा त्या एकाच खान्यातून गेला, बाकी सगळीकडे राहिला. जेलचा तो फोटो मी केंद्राच्या पोर्टलवरही चढवला. चित्राची फाइल त्यांना चालते. या ओळींचं बी मात्र आधीच मागवून वाढवून ठेवा, त्यातल्या काही रोपांना दाणे फार कमी धरतात.