बाबांना कोणी विचारलंच नाही, काम काय करायचात

बाबांना पार्किन्सन आहे हे कळून चार वर्षं झाली. आधी उजव्या हाताचा अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखे हलायचे, मग अक्षर बारीक होत गेलं, मग चालताना तो हात हलेनासाच झाला. डॉक्टरांनी वय विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का विचारलं, बीपी, शुगर सगळं झालं. कामावर कशाकशात हात घातलाय हे मात्र कोणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बाबा बावीस वर्षं मशीन शॉपमध्ये होते. तयार जॉबवरचं, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागांवरचं, तेल-ग्रीस काढायला तिथे ट्रायक्लोरोइथिलीन या सॉल्व्हंटची (तेल विरघळवणाऱ्या रसायनाची) टाकी होती, सगळे नुसतं 'ट्राय' म्हणायचे. टाकी गरम, वर वाफ, त्यात जॉबची जाळी सोडायची नि काढायची, हातमोजे असले तर असले. शिफ्ट संपली की त्यातच फडकं बुडवून हाताचं काळं पुसायचे कारण साबणाने ते निघायचंच नाही. गोडसर वास यायचा म्हणतात, डोकं हलकं व्हायचं, बाहेर पाच मिनिटं उभं राहिलं की बरं वाटायचं, म्हणून कुणाला काळजी वाटली नाही.

मग मी वाचायला लागले. 2012 साली जुळ्या भावांच्या 99 जोड्यांवरचा एक अभ्यास आला, प्रत्येक जोडीत एकाला पार्किन्सन आणि दुसऱ्याला नाही, आणि त्यात ट्रायशी काम केलेल्यांची जोखीम जवळपास सहापट निघाली. 2023 मध्ये अमेरिकेतल्या कॅम्प लजून तळावरच्या सैनिकांचा अभ्यास आला, तिथल्या पिण्याच्या पाण्यातच हे सॉल्व्हंट उतरलं होतं, तिथे राहिलेल्यांना दुसऱ्या तळावरच्या सैनिकांपेक्षा पार्किन्सनची जोखीम 70 टक्के जास्त, आणि तेसुद्धा तळ सोडून कित्येक वर्षं लोटल्यावर! हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं. काम सुटतं, टाकी विसरली जाते, आणि मेंदूत डोपामाइन (हालचाली ताब्यात ठेवायला लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी गुपचूप मरत राहतात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात.

शेतात फवारणी करणाऱ्यांचंही तेच. पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांमध्ये जोखीम सुमारे अडीचपट असल्याचं 2011 मध्ये दिसलं, आणि फ्रान्सने तर 2012 मध्ये शेतीत कीटकनाशकं हाताळणाऱ्यांचा पार्किन्सन हा कामामुळे होणारा आजार मानला.

बाबांना ट्रायमुळेच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, एका माणसाबाबत ते सिद्ध करता येत नाही, वय असतं, जीन्स असतात. पण निदान फाइलमध्ये तरी लिहिलेलं हवं ना? म्हणून बाबांसोबत बसून एका कागदावर सगळं लिहून काढलं, कुठलं केमिकल, किती वर्षं, मास्क होता का, पंखा होता का. त्यांना महिने-वर्षं सगळं आठवतं.

आणि काल त्यांच्याबरोबर त्याच टाकीवर असलेल्या काकांना फोन केला. वास नीट येतो का, झोपेत हातपाय झाडता का, पोट साफ होतं का, असं विचारलं, कारण ही लक्षणं थरथर सुरू व्हायच्या बरीच वर्षं आधी दिसू शकतात. काका म्हणाले, "वास तर कधीचा गेलाय गं, मी सर्दी समजत होतो." पुढच्या आठवड्यात त्यांना न्यूरोलॉजिस्टकडे घेऊन जातेय, बाबांच्या त्या कागदाची झेरॉक्स सोबत घेतलीय.