वायरगार्ड, पीपीपीओई आणि ते ८ बाइट

वायरगार्ड (दोन मशीनमध्ये एन्क्रिप्टेड टनेल बांधणारं व्हीपीएन) बसवणं, चाव्या बनवणं, ५१८२० पोर्ट उघडणं यात अडण्यासारखं काही नाही. डोकं खाल्लं ते एमटीयूने, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराने (बाइटमध्ये). हँडशेक होतो, पिंग जातो, एसएसएच लॉगिनही होतं. मोठी फाइल ओढायला घेतली की सगळं ठप्प. इंटरनेट कंपनीच्या हेल्पलाइनचं पालुपद एकच, ‘राउटर रीस्टार्ट करा.’ याने काडीचाही फरक पडत नाही.

डब्ल्यूजी० हा वायरगार्डचा आभासी इंटरफेस कुठल्याच खऱ्या नेटवर्क कार्डाला बांधलेला नसतो. तो आतलं पॅकेट एन्क्रिप्ट करून यूडीपीत गुंडाळतो. ते कुठून बाहेर जायचं, हे कर्नलचं रूटिंग टेबल ठरवतं. म्हणूनच वायफायवरून केबलवर गेलं तरी टनेल टिकतो.

सर्व्हरचा पत्ता आयपीव्ही६ असेल तर गुंडाळणीचे ८० बाइट लागतात: ४० आयपीचे, ८ यूडीपीचे, ३२ वायरगार्डचे. डब्ल्यूजी-क्विक (टनेल चालू करणारी स्क्रिप्ट) सर्व्हरकडे जाणाऱ्या कार्डाचा एमटीयू बघून त्यातून ८० वजा करतं. मशीनला दिसतं ईथ० हे केबलचं कार्ड, त्याचा एमटीयू १५००, म्हणून टनेलचा १४२० ठरतो. पण फायबरची लाइन पीपीपीओई (राउटर लॉगिन करून जोडणी घेतो ती पद्धत), तिचा एमटीयू ८ बाइट कमी, म्हणजे १४९२, आणि तो पीपीपी० इंटरफेस राउटरच्या पोटात! मशीनला त्याची खबरच नाही. राउटरचा ‘पॅकेट टू बिग’ हा आयसीएमपीव्ही६ निरोप फायरवॉलने अडवला की मोठं पॅकेट गुपचूप गायब. आयपीव्ही४ वर गुंडाळणी ६० ची, एकूण १४८०, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत चालतं आणि शंका भलतीकडे जाते.

तपासायचं असं: टनेलमधून ‘पिंग -एम डू -एस १३८०’ (१३८० बाइट, पॅकेट न तोडता) जातो, १३८१ अडकतो. हिशेबाने, १४९२ मधून ८० आणि पिंगच्या हेडरचे २८ वजा करून, १३८४ पर्यंत जायला हवा. पण वायरगार्ड पॅकेट १६ च्या पटीत फुगवतं, फक्त इंटरफेसच्या एमटीयूपुढे जात नाही. १३८१ च्या पिंगचं, म्हणजे १४०९ चं पॅकेट १४२० पर्यंत फुगतं आणि बाहेर १५०० होतं. यासाठीच एमटीयू १४१२ (१४९२ वजा ८०) दोन्ही टोकांना लिहा. एकाच बाजूला लिहिलं तर समोरचा सर्व्हर १४१२ चं उत्तर पुन्हा १४२० पर्यंत फुगवतो आणि डाउनलोड अडकलेलंच राहतं.

आणखी एक: सगळा ट्रॅफिक टनेलमधून नेत असाल तर नुसतं ‘आयपी रूट गेट’ (पॅकेट कुठून बाहेर जाईल ते सांगणारी कमांड) सर्व्हरच्या पत्त्यासाठीही डब्ल्यूजी० दाखवतं. पुढे ‘मार्क ५१८२०’ (वायरगार्डच्या स्वतःच्या पॅकेटवरची खूण) जोडा, मग खरं कार्ड दिसेल.