दिशा कशी ठरवलीस?

स्मरणिका समितीचं पत्र मिळालं तेव्हा आमचं जहाज सिंगापूरला नांगर टाकून उभं होतं. शाळेच्या आठवणी लिहा, असं पत्रात आहे. मी भूगोलाच्या सरांबद्दलच लिहिणार आहे. त्यांचं नाव फोंड्यात कुणाला सांगावं लागत नाही. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

नववीत असताना मी नमाज शिकायचं मनावर घेतलं. वडील मांडवीवर खनिजाच्या बार्जवर कामाला, त्यामुळे घरी क्वचितच असत. आजी बांद्याची. तिने लहानपणीच कुराणातल्या ‘अल्हम्दु’ आणि ‘कुल्हुवल्ला’ या सुरा पाठ करून घेतल्या होत्या, पण मशिदीत जमातीत, म्हणजे सगळ्यांबरोबर रांगेत, उभं राहायचं म्हणजे तेवढ्याने भागत नाही. मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेनंतर, मशिदीतले हाफिजसाहेब आम्हा दोन-तीन पोरांना थांबवून घ्यायचे. आधी वुजू, म्हणजे नमाजेआधीचं हातपाय धुणं: मनगटापर्यंत हात, चूळ, नाकात पाणी, तोंड, कोपरापर्यंत हात, ओला हात डोक्यावरून, मग घोट्यापर्यंत पाय. क्रम मोडला की पुन्हा पहिल्यापासून. रुकूत, म्हणजे कमरेत वाकताना, पाठ सरळ, तळवे गुडघ्यांवर. सजद्यात, म्हणजे जमिनीवर माथा टेकताना, कपाळ आणि नाक टेकलेलं, तळवे, गुडघे, पायांची बोटं जमिनीला, पण कोपरं मात्र उचललेली. शेवटी सलाम, आधी उजवीकडे, मग डावीकडे. अंग हे सगळं लवकर शिकलं. बसून म्हणायची ‘अत्तहिय्यात’ ही दुआ जिभेवर बसायला मात्र पुष्कळ दिवस गेले. त्यात दोन रकातींनंतर (उभं राहण्यापासून सजद्यापर्यंतचा एक फेरा म्हणजे रकात) बसायचं, आणि चारची नमाज असेल तर पुन्हा उठायचं. या बसण्या-उठण्यात माझा हिशेब चुकायचा, म्हणून भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर मी तक्ताच करून ठेवला होता. फजर २, जोहर ४, असर ४, मगरिब ३, इशा ४. पाच वेळच्या नमाजांतले हे फक्त फर्जचे, म्हणजे सक्तीच्या रकातींचे आकडे.

वह्या तपासायला गेल्या आणि सरांनी ते पान पाहिलं. वही परत आली तेव्हा तक्त्याखाली लाल शाईने बेरीज मांडलेली होती: १७, बरोबर. आणि त्याखाली, ‘दिशा कुठली? कशी ठरवलीस?’

नमाज मक्केकडे तोंड करून पढायची असते. मी स्टाफरूमच्या दारात जाऊन सांगितलं, “पश्चिम, सर.”

“कोण म्हणतो?”

“सगळेच म्हणतात.”

“सगळे म्हणतात ते इतिहासाच्या तासाला चालेल,” सर म्हणाले. (इतिहासाच्या बाई तिथेच पेपर तपासत होत्या.) मग कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली उतरवला, बाईंच्या शिवणाच्या पिशवीतून दोरा मागून घेतला आणि त्याचं एक टोक गोव्यावर, दुसरं मक्केवर धरून ताणलं. दोरा गोव्यातून सरळ पश्चिमेला निघत नव्हता. उत्तरेकडे कलून निघत होता. “भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून बघ, तिथे कल कमी येईल. पृथ्वी गोल आहे हे तू परीक्षेत लिहितोस, पण मानत नाहीस.”

एवढ्यावर दुसरा कुणी थांबला असता. सर म्हणाले, आता जमिनीवर बघू. सूर्य मे महिन्याच्या आरंभी आपल्या डोक्यावर येतो, कर्कवृत्ताकडे सरकत मेअखेरीस मक्केच्या डोक्यावर येतो. मक्का साधारण साडेएकवीस अंश उत्तरेला. ज्या क्षणी तो मक्केच्या बरोबर माथ्यावर असेल त्या क्षणी इथल्या काठीची सावली मक्केच्या नेमकी उलट पडणार. वेळ त्यांनी फळ्यावर काढून दाखवली. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, मक्का चाळिसाच्या जरा अलीकडे, दर अंशाला ४ मिनिटं. तिथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा आपल्याकडे २ वाजून ५१ मिनिटं. त्या दिवसांत सूर्य घड्याळाच्या तीनेक मिनिटं पुढे असतो, ती वजा. २ वाजून ४८ मिनिटं.

२८ मे १९८६. गोवा घटकराज्य झालं ते पुढच्या वर्षी. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, शिपाईसुद्धा गावी गेलेला. सर सकाळीच येऊन मैदानात काठी रोवून, तिच्याभोवती वर्तुळ आखून बसले होते. सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवतं ते दोन बिंदू जोडून त्यांना खरी पूर्व-पश्चिम काढायची होती. होकायंत्रावर त्यांचा भरवसा नव्हता. रमजान चालू होता आणि माझा रोजा होता. सरांच्या पत्नीने किटलीतून पन्हं पाठवलं होतं. ती किटली झाकणासकट वडाच्या पारावर तशीच राहिली, सरांनीही घोट घेतला नाही. मी म्हटलं, तुम्ही घ्या. “मला नकोय,” एवढंच. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

२ वाजून ४८ मिनिटांनी त्यांनी चुन्याने सावलीवर रेघ मारली. “टोकाशी उभा राहा आणि काठीकडे तोंड कर.” मी उभा राहिलो. मग फळ्यावरचा लाकडी कोनमापक जमिनीवर ठेवून त्यांनी कोन मोजला. पश्चिमेपासून उत्तरेकडे १६ अंश, थोडं इकडे-तिकडे. सर इतके खूश झाले की मला घरापर्यंत सोडायला आले आणि वाटेत एकदाही भूगोल बोलले नाहीत.

हाफिजसाहेबांना मी संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात हे सांगितलं. ते हसले. किब्ल्यापासून, म्हणजे मक्केच्या दिशेपासून, ४५ अंशांच्या आत तोंड असेल तर नमाज होते, तुझे १६ अंश माफ आहेत, म्हणाले. तरी ईदनंतर ते स्वतः मैदानावर ती रेघ बघायला आले, पण तोवर पावसाने ती धुवून नेली होती. जून लागला होता.

त्या वर्षापासून शुक्रवारचा मधल्या सुट्टीनंतरचा नकाशावाचनाचा तास सरांनी सोमवारी नेला, म्हणजे जुम्म्याच्या नमाजेला जाऊन परत येईपर्यंत माझं काही बुडू नये. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. वर्गातल्या मुलांना वाटायचं मुख्याध्यापकांनी वेळापत्रक बदललं.

आज मी मालवाहू जहाजावर कॅप्टन आहे. समुद्रात जहाजाचं तोंड फिरलं की मुसल्लाही (नमाजेची चटई) फिरवावा लागतो. न्यूयॉर्कला पहिल्यांदा गेलो तेव्हा एका खलाशाने नकाशा बघून आग्नेयेकडे मुसल्ला अंथरला होता. मी त्याला ईशान्येकडे, ५८ अंशांवर वळवलं. त्याला पटेना, मग दोरा आणावा लागला. गेल्या वर्षी सरांना पुण्याला फोन करून हे सांगितलं. ऐकू कमी येतं, पण आकडा ऐकला आणि म्हणाले, “उत्तरेपासून मोजलास ना?”

शाळेत दोन वर्षांपूर्वी येऊन गेलो. नवी इमारत देखणी आहे, देणगीदारांचं कौतुकच. पण मैदानावर सिमेंटचे ब्लॉक बसवलेत, त्यात काठी कुठे रोवणार? भूगोलाच्या खोलीत संगणक आलेत. कपाटावरच्या गोलाची चौकशी केली तर कुणाला माहीत नव्हतं.

या पत्रासोबत दोन मोठे गोल पाठवतो आहे. त्यांच्यावर माझं नाव घालू नये, आणि कृपा करून ते मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवू नयेत. दोऱ्याची दोन रिळं पेटीतच आहेत.