ऑपरेशन झालंय की मॅडम, आता कशाला?

परवा गंगावेशीत दूध प्यायला थांबलो होतो (आम्ही कोल्हापूरच्या बायका 'थांबलो'च म्हणतो, पुणेकरांनी चालवून घ्यावं), तर शेजारची दोन पोरं म्हणत होती एड्स बिड्स आता राहिलाय कुठं. मला माझं जुनं टेबल आठवलं. बरीच वर्षं मी आयसीटीसीत काउन्सेलर होतो, म्हणजे एचआयव्हीची तपासणी होते तिथं आधी आणि नंतर बोलणारी बाई. लोकांना वाटतं रिपोर्ट सांगणं अवघड. ते असतंयच, पण त्याहून अवघड नवरा-बायकोला समोर बसवून कंडोमचं बोलणं.

एक वाक्य ठरलेलं. 'मॅडम, हिचं ऑपरेशन झालंय की, आता कशाला ते?'

आपल्याकडं दोन पोरं झाली की बाईचं ऑपरेशन, आणि त्या दिवसापासनं निरोध घरातनं बाद. त्यांची तरी काय चूक, १९६८ साली निरोध आला तोच पाळणा लांबवायला, भिंतीभिंतीवर तेच रंगवलेलं. नळ्या बांधल्या म्हणून विषाणू थांबत नाही, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

एक जोडपं अजून आठवतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). तो फाउंड्रीत कामाला, रिपोर्ट पॉझिटिव्ह, तिचा निगेटिव्ह. त्याला कुठनं झालं हे मी खणत बसलो नाही, त्यानं फक्त घरात भांडण पेटतं. आधी दोघांशी वेगवेगळं बोललो. ती म्हणाली, 'मी वापरा म्हटलं की हे म्हणणार, माझ्यावर संशय घेतीस व्हय?' आणि तो आत येऊन म्हणतो, मी स्वतःहून काढलं तर तिला वाटंल अजून बाहेर काहीतरी चालू हाय. म्हणजे दोघं एकाच भीतीनं गप्प! मग दोघांना एकत्र बसवलं आणि सांगितलं, हे वाक्य आता इथंच माझ्यासमोर एकमेकांना म्हणून दाखवा. पाच मिनिटं कुणीच बोललं नाही, पंख्याची घरघर तेवढी. शेवटी तीच म्हणाली, 'पोरांना एक तरी धड माणूस पायजे का नको?'

मग लाकडी मॉडेल काढलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, तो जमिनीकडं बघत. आधी तारीख बघायची, पाकीट दाबून आत हवा हाय का बघायचं, मग कंडोम एका बाजूला सारून कडेनं फाडायचं, दातानं नाही. टोक चिमटीत धरून हवा काढायची, पार खालपर्यंत उलगडायचं, आणि झाल्यावर लगेच, बुडाशी धरूनच बाहेर. त्यानं हळूच विचारलं, खोबरेल तेल लावलं तर? हा प्रश्न दहातले नऊजण मनातच ठेवतात. तेलानं रबर कमजोर होतंय आणि ऐन वेळेला फाटतंय, पाण्याचा बेस असलेलं जेल वापरायचं. आणि फाटलंच तर गप्प बसायचं नाही, ७२ तासांच्या आत दवाखान्यात, जितकं लवकर तितकं बरं, २८ दिवसांच्या गोळ्या असतात.

त्याची एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या, सुरू झाली. आता हे पण सांगायलाच पायजे, रोज गोळ्या घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूचा साठा, तपासणीत सापडण्याइतकासुद्धा राहिला नाही आणि तो तसाच टिकला, तर जोडीदाराला शारीरिक संबंधातनं लागण होत नाही. पूर्वी हे आम्ही भीतभीत सांगायचो, लोक गाफील होतील म्हणून. माझं मत विचाराल तर लपवणंच जास्त वाईट, कारण हे कळल्यावर गोळी चुकवायची नाही याला कारण मिळतं. पण लोड खाली यायला महिने जातात, तोवर कंडोम पायजेच, आणि गुप्तरोगांपासनं गोळी काही वाचवत नाही. तिची तपासणी दर सहा महिन्यांनी.

पुढच्या वेळी विचारलं, पाकिटं ठेवता कुठं? तो म्हणाला गाडीच्या डिकीत, पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली उभी गाडी! उन्हानं सगळी खराब. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, 'मी हलवल्यात मॅडम, शिलाई मशीनच्या खणात, चावी माझ्याकडं हाय.' आणि जाताना डब्याची पिशवी पुढं करून म्हणाली, ह्या वेळेला जरा जास्त द्या.