प्रोसेसर थंड, मदरबोर्ड तापलेला

लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या दुकानात दुरुस्तीला येणारे बहुतेक संगणक सुरूच होत नसतात. गोरेगावला ॲनिमेशनची कामे घेणाऱ्या एका गृहस्थांचा संगणक मात्र व्यवस्थित सुरू होत असे. रेंडर (सीनमधून चित्रे तयार करण्याचे काम) लावून वीस-पंचवीस मिनिटे झाली की त्याचे रडगाणे सुरू होई. इंटेलचा कोअर आय७-१२७००के, त्याचे आठही परफॉर्मन्स कोअर ५ गिगाहर्ट्झवर ओव्हरक्लॉक केलेले, म्हणजे नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेले, आणि वर ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर, असा सगळा थाट. तरीही वेग एकाएकी ८०० मेगाहर्ट्झवर कोसळे, क्षणभराने सावरे आणि पुन्हा कोसळे. एका दुकानदाराने थर्मल पेस्ट बदलली होती, दुसऱ्याने नवा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) गळ्यात मारला होता. "दादा, प्रोसेसरच गेला असेल तर तसं स्पष्ट सांगा," असे म्हणत त्यांनी कॅबिनेट काउंटरवर ठेवले.

मी त्यांचाच एक सीन रेंडरला लावून तापमान आणि वेग दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो उघडले. प्रोसेसर २३० वॅटच्या आसपास ओढत होता आणि त्याचे तापमान ७८ अंशांवर स्थिर होते. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची असल्याने तो स्वतःहून वेग कमी करण्याचे कारण नव्हते. मग थांबण्याचा हुकूम बाहेरून येत असणार, आणि तसा हुकूम प्रोसेसरला वीज पुरवणारे मदरबोर्डवरचे व्हीआरएम देऊ शकते. मदरबोर्डच्या मागच्या बाजूला, व्हीआरएमचे मॉस्फेट (वीज चालू-बंद करणाऱ्या चिपा) बसवलेले असतात बरोबर त्या जागी, मी उष्णतारोधक टेपने थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवले. आकडा सावकाश चढत १०८ अंशांवर गेला आणि त्याच वेळी पडद्यावरचा वेग खाली आला. एक छोटा पंखा त्या भागावर रोखून धरल्यावर तेच रेंडर अखेरपर्यंत न अडखळता चालले.

विचारपूस केली तेव्हा कळले की आधी त्यांच्याकडे साधा टॉवर एअर कूलर होता आणि तेव्हा ही तक्रार नव्हती. एअर कूलरचा पंखा प्रोसेसरबरोबर सॉकेटच्या आसपासही वारा घालतो. लिक्विड कूलर लावला की तो वारा बंद होतो आणि व्हीआरएम उघडे पडते. थंडावा वाढावा म्हणून त्यांनी खर्च केला होता, आणि नेमक्या त्या खर्चानेच बोर्डाचा उणेपणा उघडा पाडला होता.

व्हीआरएमचे काम एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट उतरवून सव्वा व्होल्टच्या आसपास आणण्याचे असते. २३० वॅट आणि सव्वा व्होल्टच्या आसपास म्हणजे सुमारे १८० अँपिअर प्रवाह झाला. कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी पंचवीस वॅट उष्णता त्या बोटभर पट्टीवरच्या चिपांमध्ये निर्माण होणार. त्यांच्या बोर्डाच्या खोक्यावर ८ फेज (भार वाटून घेणारे व्हीआरएमचे विभाग) छापलेले होते, पण त्यांतले कोअरसाठी सहाच होते. बाकीचे ग्राफिक्स आणि इतर भागांसाठी होते. म्हणजे प्रत्येक फेजवर ३० अँपिअरचा भार, तोही सुट्या, जुन्या धाटणीच्या मॉस्फेटवर. वरचे भारदस्त आवरण काढले तर ते प्लास्टिकचे निघाले आणि खाली ॲल्युमिनियमची पातळ पट्टी होती. झेड६९० चिपसेट असल्याने मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) वाढवण्याची मुभा या बोर्डाला होती. ती पेलण्याची ताकद मात्र नव्हती.

पंखा कायमचा बांधून द्यावा, असे त्यांनी सुचवले. तापमानाचा प्रश्न त्याने सुटलाही असता, परंतु मल्टिमीटर लावल्यावर दुसरे दुखणे दिसले. संगणक स्वस्थ असताना १.३२ असलेले व्होल्टेज भार पडताच १.१८ वर घसरत होते. ही घसर भरून काढण्यासाठी बायोसमधले (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमधले) लोडलाइन कॅलिब्रेशन वरच्या पायरीवर नेले, तर भार सुटतो त्या क्षणी व्होल्टेज उसळी मारते आणि ती उसळी मल्टिमीटरला दिसतही नाही. तेव्हा बोर्ड बदलणेच शहाणपणाचे होते.

त्यांनी स्वतःची एक यादी आणली होती. तिच्यात दिव्यांच्या रोषणाईला बराच मान होता. त्यांच्याकडे ६४ जीबी डीडीआर४ रॅम होती आणि ती डीडीआर५च्या स्लॉटमध्ये बसत नाही, त्यामुळे निम्मी यादी तिथेच बाद झाली. उरलेल्यांतून मी झेड६९०चाच, पण कोअरसाठी १६ फेज असलेला आणि प्रत्येक फेजवर ७० अँपिअर क्षमतेचा एकसंध पॉवर स्टेज (सुट्या मॉस्फेटऐवजी एकच चिप) असलेला बोर्ड निवडला. १८० अँपिअरची विभागणी सोळांत झाली की प्रत्येकाच्या वाट्याला अकराच्या आसपास येतात. वहनातला तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने एवढ्या एका फरकाने पुष्कळ उष्णता वाचते. हीटसिंक खाचांचा आणि हाताला जड लागणारा होता. एरर कोड दाखवणारा छोटा डिस्प्लेही होता, जो ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्याला रंगीत दिव्यांपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

नव्या बोर्डावर लोडलाइन मधल्या पायरीवर ठेवली, तेव्हा भाराखाली व्होल्टेज १.३० वरून १.२६ पर्यंतच उतरले. प्रोसेसरवर जबर भार टाकणारी प्राइम९५ची स्मॉल एफएफटी चाचणी लावली, कारण सिनेबेंचची हलकी चाचणी पार करणारे कित्येक संगणक तिथे आडवे होतात. आमच्या दुकानात एसी नाही, हे मे महिन्यातल्या अशा परीक्षेला सोयीचेच पडते. वेगळा पंखा न लावता व्हीआरएम ७० अंशांच्या आत राहिले. संगणक बंद पडला नाही एवढ्यावर मी समाधान मानत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या चुका निमूटपणे नोंदल्या जात असतात, आणि त्या तिथे नाहीत याची खात्री करून घेतल्यावरच रात्रभर त्यांचे रेंडर चालू ठेवले.

सकाळी ते आले तेव्हा रेंडर पूर्ण झाले होते आणि चुकांची नोंदवही कोरी होती. आता ५.२ गिगाहर्ट्झ करून द्या, अशी त्यांची फर्माईश निघाली. चार टक्के वेगासाठी व्होल्टेज आणि उष्णता कितीतरी अधिक वाढणार होती, म्हणून मी नकार दिला. कार्यालयातल्या आणखी दोन संगणकांना हाच बोर्ड बसवण्याचाही त्यांचा बेत होता. त्यांत आय५-१२४०० आहेत, ज्यांचा मल्टिप्लायर कुलूपबंदच असतो; तिथे बी६६० चिपसेटचा बोर्ड पुरेसा असल्याचे सांगून मी त्यांचे एकाच बोर्डाचे बिल केले.