काकांचा थरथरता पाट

"मॅडम, उजवीकडं वळलं की घर फिरतंय," टेबलाच्या कडेला टेकता टेकता काका म्हणाले आणि दोन्ही हातांनी गादी घट्ट धरली. काकू त्यांचा दंड सोडायला तयार नव्हत्या. वाटेत रिक्षा थांबवून त्यांना दोनदा उलटी झाली होती.

कराडला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. काका माझे जुने पेशंट. वय 66. तीस वर्षं स्वतःचा ट्रक चालवला, कुंभार्ली घाटातून चिपळूणला माल टाकायचा आणि परत. त्या सीटवर बसून बसून कंबर गेली, म्हणून माझ्याकडे यायचे. या वेळी दुखणं निराळं होतं. परवा पहाटे कूस बदलली आणि गरगरायला लागलं, तेव्हापासून ते खुर्चीत बसूनच झोपत होते.

चक्कर म्हटली की आधी मेंदूचा विचार करावाच लागतो. बोलणं स्वच्छ होतं, चेहरा एका बाजूला ओढलेला नव्हता, दोन्ही हातांची पकड सारखी, एकाचे दोन दिसत नव्हते, आणि आधाराने का होईना पण चालताना झोक जात नव्हता. बीपी 138/84. यातलं एक जरी बिनसलेलं असतं तरी त्यांना टेबलावर न घेता मी तसंच हॉस्पिटलला पाठवलं असतं. मान नीट वळते ना तेही पाहिलं.

मग त्यांची मान उजवीकडे 45 अंश वळवली, डोकं माझ्या दोन्ही हातांत घेतलं आणि म्हटलं, "काका, काही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत." झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबतं. एक, दोन, तीन सेकंद काहीच नाही. आणि मग बुबुळं सुरू झाली. वरच्या दिशेने झटके घेत, जोडीला खालच्या कानाकडे पिळ्यासारखी गोल फिरत. काकांनी माझं मनगट इतकं आवळलं की बोटांचे वळ उठले. "पडलो, पडलो!" मी सांगत होते, "मी धरलंय, पडत नाही." वीसेक सेकंदांत बुबुळं मंदावली आणि थांबली.

डोळ्यांनी पत्ता सांगितला होता : उजवा कान, मागची नळी. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे असतात. ते सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हलताच नळीतलं पाणी नको तेवढं ढवळतं, आणि माणूस पडून असला तरी मेंदूला वाटतं आपण भोवऱ्यासारखे फिरतोय. यावर औषधापेक्षा हाताचं काम मोठं. जॉन एप्ली या अमेरिकन कानतज्ज्ञांनी 1992 साली जी पद्धत प्रसिद्ध केली, तीच मी केली : डोकं डावीकडे, मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, मग सावकाश उठवून बसवायचं. प्रत्येक जागी मिनिटभर थांबायचं, म्हणजे खडे घरंगळत पिशवीत परत जातात. दहा मिनिटांनी पुन्हा आडवं केलं. बुबुळं जागची हलली नाहीत. काका छताकडे बघत राहिले, आणि काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"डोक्याला मार लागला होता का?" मी विचारलं. नाही. मग सोबत आलेली त्यांची सून म्हणाली, "आण्णा रोज त्या पाटावर उभे राहतात, त्यानं काही होतं का?"

पाट म्हणजे व्हायब्रेशन प्लेट. पोट कमी व्हावं म्हणून मुलाने ऑनलाइन मागवलेली. दहा मिनिटं उभं राहा, तासभर व्यायाम केल्यासारखं आहे, असं खोक्यावर छापलेलं. रिमोटवर 1 ते 99 आकडे. काका 99 वर, गुडघे ताठ करून, वीस मिनिटं. तीन आठवडे.

साठीनंतर हे खडे काही कारण नसतानाही सुटतात, त्यामुळे मशीननेच केलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण अशा प्लेटवर उभं राहिल्यानंतर हीच चक्कर सुरू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि काकांची पद्धत ऐकून माझा जीव खालीवर झाला. संध्याकाळी सुनेला मशीन घेऊन यायला सांगितलं.

काकांना बाजूला बसवून मी स्वतः चढले. गुडघे ताठ ठेवून बटण दाबलं तर दात एकमेकांवर आपटायला लागले, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे फिसकटले. मग गुडघे थोडे वाकवले, भार चवड्यांवर घेतला. आकडे जागच्या जागी स्थिर झाले आणि थरथर मांड्यांत उतरली. सुनेलाही तसंच उभं केलं. सांगून कळलं नसतं ते तिला पायांनी कळलं. गुडघा हा आपल्या शरीराचा शॉकअब्सॉर्बर. तो ताठ केला की हादरा थेट कवटीपर्यंत जातो.

आणि हादरा लहान नसतो. प्लेट सेकंदाला 30 वेळा, वरखाली मिळून 4 मिलिमीटर हलली, तर तिचा वेग इतक्या झपाट्याने बदलतो की गुरुत्वाकर्षणाच्या सातपट जोर तयार होतो. खरं तर या कंपनाचा उपयोग आहे. स्नायूला भराभर ताण बसला की तो आपसूक आवळतो, म्हणून ज्यांना जड व्यायाम झेपत नाही अशा काही पेशंटना मी तीस-तीस सेकंद, गुडघे वाकवून, हे देतेही. पण रिमोटवरचा 99 हा आकडा त्या कंपनाचं माप सांगतच नाही. मात्रा न लिहिलेली गोळी कोणी घरात ठेवेल का? किडनी स्टोन, पायातल्या शिरेत गुठळी, गरोदरपण, नुकतंच झालेलं फ्रॅक्चर किंवा डोळ्याचं ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नये, हे त्या खोक्यावर कुठेच नव्हतं. याचा मला फार राग आला.

काकूंनी विचारलं, "हाडं तरी बळकट होतात ना?" 2001 साली मेंढ्यांवरच्या प्रयोगात वर्षभर हलकं कंपन देऊन मांडीच्या हाडाची आतली जाळी 34 टक्क्यांनी दाट झाली होती. त्यावरून ही आशा पसरली. पुढे टोरांटोत पाळी गेलेल्या 202 बायकांवर वर्षभराची चाचणी झाली, 2011 मध्ये निकाल आला, आणि हाडांच्या घनतेत काही फरक दिसला नाही. काकूंना एवढंच सांगितलं, मेंढीचं माणसाला लागू पडलं नाही.

काका मात्र दुसऱ्याच विचारात होते. "मॅडम, ट्रकच्या हादऱ्यानं कंबर गेली म्हणालात तुम्ही. मग हा हादरा चांगला कसा?" त्यांनी नेमकं धरलं होतं. बसलेल्या माणसाचा मणका सेकंदाला 4 ते 6 हादऱ्यांना सगळ्यात जास्त डोलतो, आणि ट्रकची सीट तेच हादरे दिवसाला आठ-दहा तास देते. प्लेटचे हादरे वेगळे, वेळ मिनिटांची, आणि उभं राहणं आपल्या हातात. पण त्यांच्या कमजोर मांड्यांना त्याआधी साधं काम हवं होतं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. अर्ध्या मिनिटात किती वेळा जमतं ते चक्कर पूर्ण थांबल्यावर आठवड्याने मोजलं : आठ.

खडे जागेवर बसवले त्याच रात्री साडेदहाला काकूंचा फोन आला होता. काका उजव्या कुशीवर झोपले होते, घोरत होते.

सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं. बारा. तेराव्याला अर्धे उठले होते तेव्हा वेळ संपली.